सायलेन्सरचे दोन नट

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकायला देवपूरच्या कॉलेजात सोडलं ते त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मागच्या दिवाळीत घरी आले तेव्हा तीच गाडी फटफट आवाज करत होती. सायलेन्सर काढायला हवा होता, पण त्याला इंजिनाशी धरून ठेवणारे दोन नट गंजून बोल्टशी एकजीव झाले होते.

एरंडोलचा मेकॅनिक म्हणाला, "बोल्ट तुटला तर इंजिनाचं हेड काढून जळगावला न्यावं लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या, आबा."

आबा गाडी ढकलत घरी घेऊन आले.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पान्याला लांब पाइप अडकवून मी जोर लावणार, तोच आबांनी हात धरला. "माय, जोर नको लाऊ. तुटी जाई."

तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ नटांवर डिझेलचे थेंब सोडत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी इंजिन थोडं गरम केलं आणि पाना माझ्या हातात दिला. "पहिले कस."

सोडवायचा नट आधी आवळायचा? मी केसभर आवळला. कट्ट आवाज झाला. बोल्टच तुटला असं वाटून मी पाना सोडला.

आबा हसले. "गंज तुटना. आते सोड." तुटला होता तो गंज, बोल्ट नाही.

थोडा सोडत, पुन्हा आवळत दोन्ही नट निघाले. बोल्ट शाबूत होते.

मी सोडवलेले नट मेकॅनिकला दाखवून आबा म्हणाले, "मन्ही पोरनी खोलात. इंजिनिअर शे ती."

"आणि मला शिकवलं यांनी," मी म्हणाले. पण आबा तोवर किक मारत होते.