पाहुण्यांसाठी राखलेलं श्रवणयंत्र

आज सकाळी अण्णा स्वयंपाकघरात पाटावर बसून कानात श्रवणयंत्र घालत होते. समोर मटार सोलणारी आई ते नीट बसेपर्यंत बोलायची थांबली होती. एवढंच दृश्य, पण मी दारातच उभा राहिलो.

माझ्या वडिलांची, अण्णांची, तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. त्या मागांच्या कमाईवर मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि त्यांचे कान गेले. नोकरी लागल्यावर मी त्यांचे कान तपासून घेऊन हे यंत्र आणलं. अण्णांनी ते लग्नातल्या कोटासारखं जपलं. पाहुणे आले की कानात, गेले की डबीत. म्हणायचे, "घरात कशाला झिजवायचं? घरातलं मला कळतंच की."

काल आईनं ती डबी त्यांच्यासमोर आपटली. ओरडूनच म्हणाली, "पाव्हण्यांचं ऐकायला यंत्र, अन् माझं बोलणं काय भिंतीनं ऐकायचं? बोलायचंच सोडून देते आता."

चांगलं ते परक्यांसाठी ठेवायची आपली सवयच. काचेचे कप, नवी चादर. पण ऐकणं असं राखून ठेवलं, की ज्याला ऐकू येतं तेही माणूस घरात एकटं पडतं. हे मला शिकूनही कळलं नव्हतं.

यंत्र बसलं. "हं, बोल," अण्णा म्हणाले, "ओरडू नको मात्र."

आई हसली. मग पुढे वाकून तिनं इतक्या हळू काही सांगितलं, की दारात मला ते ऐकू आलं नाही. अण्णा मात्र चक्क लाजले.