जगलेल्यांच्या यादीत

बेंगळुरूच्या मल्लेश्वरमात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. नारळाएवढा डास मी चपलेनं लोळवला, ही हकिगत माझ्या वह्यापेन्सिलींच्या दुकानात इतक्यांदा झाली आहे की गिऱ्हाईकं आता डासाचं वजन विचारतात. त्यामुळे पालिकेच्या शिरगणतीला शाळेतल्या बाई दारात आल्या आणि घरात माणसं किती म्हणाल्या, तेव्हा मी सांगितलं, "शंभर, अक्का. नव्याण्णव मी एकटाच."

त्या हसल्या नाहीत. उन्हात फिरून दमल्या होत्या. मग मी नीट सांगितलं : मी, मुलगा, बायको.

"त्या कुठे आहेत?"

"माहेरी."

"सरी, बरं," म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. स्तनाचा कॅन्सर. शेवटी तिला बेळगावकडच्या आपल्या गावी जायचं होतं. तिथेच गेली, तिथेच सगळं केलं. मृत्यूचा दाखला मेव्हण्यानं ग्रामपंचायतीतून काढला, तो त्याच्याच कपाटात राहिला. बेंगळुरूत कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

काही महिन्यांनी एक मुलगी आली, कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातली. हॉस्पिटलात यायचं थांबलेल्यांचं पुढे काय झालं, हे कळावं म्हणून त्यांनी हॉस्पिटलच्या नोंदी शिरगणतीच्या यादीशी जुळवल्या होत्या. बोली बेळगावकडची. बसल्याबसल्या मला मामा करून टाकलं.

"मामा, मामी आमच्या जगलेल्यांत आल्यात बघा! आजाराच्या त्या टप्प्यावरच्या लई कमी मिळतात. एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं. बोलवा की."

"ती होय? ती सकाळीच नंदी हिल्स चढायला गेलीय. अनवाणी. डोक्यावर भरलेला सिलिंडर घेऊन."

"मग फोन लावूया."

"फोन वाटेत बिबट्यानं नेला."

ती खळखळून हसली. मी हसत नाही हे बघून थांबली. पेनाला टोपण लावलं.

"मामा, हाईत न्हवं मामी?"

मी उठून पंखा वाढवला.

"नुसतं नाव न्हाई ओ हे," ती हळू म्हणाली. "त्या टप्प्यावरची नवी बाई आली की डॉक्टर ह्या आकड्यांवरनं सांगतात, किती आशा धरायची. मामी हाईत म्हणून लिहिलं, तर तिला खोटं सांगितल्यागत होतंय."

मलाही डॉक्टरांनी असाच एक आकडा सांगितला होता. बाहेर बाकावर बायको फाईल धरून बसली होती. मी तो तिप्पट करून तिला सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या थापा वजा करून किती?" मी तिप्पटच धरून बसलो.

"नाही," मी त्या मुलीला म्हटलं. "ती गेली."

तारीख सांगितली. विचारलं नव्हतं तरी वार सांगितला, वेळही सांगितली. बसचा नंबर सांगावा तसा आवाज निघाला. तिनं एका रकान्यातलं खोडलं, शेजारच्यात लिहिलं.

"इथं सही, मामा. तुमचं नातं. आणि आणखी काय सांगायचं असलं तर खाली जागा हाय."

मी सही केली. नात्यापुढे 'नवरा' लिहिलं. खाली चार ओळी रिकाम्या होत्या. त्या तशाच ठेवून कागद परत दिला.