लेकीच्या ताटात अर्धं व्याख्यान

चहा घ्या आधी, मग सांगतो. घरात हा किस्सा मला कुणी धड सांगूच देत नाही, सगळे मध्येच हसायला लागतात.

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे. हिंदी मुलखातल्या या घाटांच्या गावात, दूधविनायक मोहल्ल्यात, आमची ही पाचवी मराठी पिढी. आणि गेली सव्वीस वर्षं मी रोजनिशी लिहितो, नळाला पाणी किती वाजता आलं इथपासून. अशा माणसाच्या हातून गफलत होईल का? मलाही तसंच वाटायचं.

आमची एकुलती एक लेक मंजिरी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला नागपूरहून माहेरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मा घाटाकडे फिरायला निघालो, तर मोबाइलवर एका प्राध्यापकांचं व्याख्यान लागलं. आई गरोदरपणात जे खाते, त्यावरून पोटातल्या बाळाचं शरीर चरबीचं काय करायचं ते शिकतं म्हणे. आईचं तेलतूप अती झालं, तर मूल पुढे सहज लठ्ठ होऊ शकतं.

मी जागच्या जागी थांबलो. आमच्या घराण्यात आजोबांपासून पोट आधी आत येतं आणि माणूस मागून. निदान नातवंडाचं तरी तसं होऊ नये! तेवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली. माझा निश्चय मात्र झाला होता.

घरी येऊन मी नियमच लावले. तळण बंद. तूप पाव चमचा. रोजनिशीत मंजिरीच्या ताटाची नोंद सुरू झाली: फुलके दोन, कोरडे. दुधी, उकडलेला. ताक, लोणी काढलेलं.

मंजिरी म्हणाली, "बाबा, मी माहेरी आलेय की दवाखान्यात भरती झालेय?"

तिची आई, आमची सुलभा, काहीच बोलली नाही. इथेच मला शंका यायला हवी होती. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती गप्प कधी बसली होती?

असे पाच आठवडे गेले. एका मंगळवारी रजा होती. सकाळी घाटाच्या पायरीवर बसून मागची पानं चाळत होतो, तर माझ्याच अक्षरात एक ओळ दिसली: 'व्याख्यान अर्धं झालं. उरलेलं ऐकणे.' राहिलेलं काम मला सहन होत नाही. तिथेच लावलं.

प्राध्यापक शांतपणे सांगत होते की आईची उपासमार झाली तरी तेच होऊ शकतं. बाळाच्या शरीराला वाटतं, बाहेर टंचाई आहे. मग ते मिळेल तो स्निग्धांश साठवायला शिकतं. म्हणून फार नको, तसंच कमीही नको.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी पळत सुटलो. गल्लीतल्या दुकानातून चार कचोऱ्या घेतल्या, पाव किलो जलेबी घेतली आणि मलइयोचे, म्हणजे थंडीतल्या त्या दुधाच्या फेसाचे, दोन मातीचे कुल्हड घेतले. सगळं मंजिरीपुढे मांडलं.

"खा."

"नको बाबा. सच में, पेट भरा है."

सकाळी नऊ वाजता पोट भरलेलं? दोन कोरड्या फुलक्यांवर? म्हणजे पोरीची भूकच मेली! मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायला लागलो. सुलभा म्हणाली, अहो, बसा जरा. मला बसवेना. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, पण मी दोघींना ई-रिक्षात घालून दवाखान्यात नेलंच.

आत सोनोग्राफी चालली होती. बाहेर मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता अकरा वेळा वाचला. अखेर डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं, तेव्हा मी रोजनिशी त्यांच्या टेबलावर उघडून ठेवली आणि पाच आठवड्यांचा गुन्हा कबूल केला.

त्यांनी चष्मा वर सरकवून पानं उलटली. "इसने सिर्फ यही खाया है?"

"एक दाना ज़्यादा नहीं," मी म्हणालो.

"बच्चा बिल्कुल ठीक है. माँ का वज़न भी जितना चाहिए, उतना बढ़ा है. लेकिन इस खाने पर तो बढ़ नहीं सकता."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी हळूच मान वळवली. सुलभा एकदम पदर नीट करायला लागली.

मंजिरीच म्हणाली, "बाबा, तुम्ही सव्वानऊला ऑफिसला निघायचात. आमचं खरं जेवण साडेनऊला असायचं."

"आणि रात्रीचं?"

"रात्री तुम्ही लिहायचात. आम्ही जेवायचो."

सुलभाने पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंना सगळं विचारून घेतलं होतं. वरण-भात, वर बेताचं तूप, पालेभाजी, मोडाची उसळ, दूध, पनीर. रविवारी अर्धी कचोरी. आज मी घाटावर गेल्यावर दोघींनी शिरा खाल्ला होता. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही किती मन लावून लिहीत होता!

डॉक्टरीणबाईंनी मंजिरीला सांगितलं की जसं चाललंय तसंच चालू दे, काही बदलू नकोस. मी रोजनिशी मिटून खाली मानेने विचारलं, "और मैं?"

"आप भी लिखते रहिए," त्या म्हणाल्या. "उससे इनकी सेहत पर कोई असर नहीं पड़ रहा."