डाव्या हाताचा गृहपाठ

वही उघडली की गृहपाठ कोणी केलाय, हे आमच्या ओवीच्या तिसरीच्या बाई अक्षरावरून ओळखत. "हा आजोबांनी केलेला दिसतोय, शिरोरेघ बघा किती सरळ!" असं म्हणून हसत आणि वही परत देत. इंदिरानगरातले आम्ही सगळे पालक त्यांना जरा टरकूनच असायचो.

मी मात्र त्यांच्यावरही कडी केली होती. ऑफिसातून आल्यावर कुकर लावायचा, डबे घासायचे आणि मग ओवीची वही. ती लिहायला बसली की रडायची, म्हणून मीच लिहायचे; तेही डाव्या हाताने, अक्षर लहान मुलाचं वाटावं म्हणून. चार महिने बाई फसल्या.

एक दिवस त्यांनी मला शाळेत बोलावलं. ओवीसमोर तिचीच वही उघडी होती. "वाच गं," बाई म्हणाल्या. ओवीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, ते पुढे सरकेना. एक ओळही तिला वाचता येईना.

तिला खेळायला पाठवून बाई म्हणाल्या, "ताई, मला गृहपाठात चुका हव्या असतात. त्यावरून पोरगं कुठं अडलंय ते कळतं. तुम्ही मला चार महिने काही कळूच दिलं नाहीत." आवाज चढला नव्हता, पण मला रडू आवरेना. तेव्हा आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "खा आधी. घाईघाईत निघाला असाल."

दुसऱ्या दिवसापासून ओवीचा लेखी गृहपाठ बंद. शाळा सुटल्यावर बाई तिला अर्धा तास जवळ घेऊन बसायच्या. घरी एवढंच, की मी पोळ्या करताना तिनं मला तीन ओळी वाचून दाखवायच्या. "अडली तरी सांगायचं नाही," ही ताकीद मला. सुरुवातीला तिच्या एकेका ओळीला माझी एकेक पोळी करपायची. पुढे उन्हाळ्यात दिंडोरीला जाताना तिनं बसच्या खिडकीतून 'द्राक्षाची रोपे मिळतील' ही पाटी मोठ्यांदा वाचली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला मी उगाचच सांगितलं, "माझी मुलगी आहे."

बाई निवृत्त होऊन मनमाडला मुलाकडे गेल्या. हल्ली त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. दर रविवारी ओवी फोनवरून त्यांना पेपर वाचून दाखवते. परवा एका जोडाक्षराशी ती अडली. मला राहवलं नाही, मी हळूच पहिलं अक्षर पुटपुटले.

फोनमधून लगेच आवाज आला, "ताई, तुम्ही गप्प बसा. मला कुठं जायचंय? तिचं ती काढेल."