आसिफचा फटका आणि माझी कंबर

आसिफच्या पंक्चरच्या दुकानामागं जुने टायर साचलेत. ते कुणी मुद्दाम आणून टाकले नाहीत आणि कुणी उचलूनही नेत नाही. आमच्या गोल्फचे किस्से असेच साचलेत. गोल्फ म्हटलं की आमच्या भूम गावातली माणसं आधी हसतात, मग "कुठं खेळता?" म्हणून विचारतात, आणि मग एखादा किस्सा सांगावाच लागतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. नववीत शाळा सुटली, तेव्हा उभं राहून बोलायची सवयही सुटली. म्हणून लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. ह्यातल्या बहुतेक किश्श्यांत मी आसिफवर जळतोय. ते वगळून सांगायला बसलो तर सांगण्यासारखं फार काही उरत नाही!

०००

गोल्फ आणला सुभेदार नानांनी. नाना फौजेतून निवृत्त होऊन आले, ते पाच काठ्या आणि एक जुनी पिशवी घेऊनच. गावाबाहेर त्यांचा माळ आहे. कुसळं, दगड, चार बाभळी. तिथं त्यांनी सात ठिकाणी दुधाच्या पावडरीचे डबे जमिनीत पुरले. डब्याभोवतीची जागा वाळू आणि गाडीचं जळकं ऑइल कालवून सपाट केली. मोठ्या मैदानात तिथं मऊ गवत असतं आणि त्याला ग्रीन म्हणतात. नाना आमच्या जागेला ब्राऊन म्हणतात.

दर जानेवारीत नानांच्या पलटणीतले जुने लोक पुण्याला जमतात आणि जोडीनं खेळतात. नानांच्या जोडीदाराचे गुडघे गेले. तेव्हा नानांनी सांगून टाकलं, की यंदा माझ्यातला आणि आसिफमधला एक जण त्यांच्याबरोबर जाईल.

मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. मला पुण्याचं काही नव्हतं. मला एकदा हिरव्या गवतावरनं चेंडू मारायचा होता, एवढंच.

०००

दोन वर्षांपूर्वी आसिफ ह्या खेळात आला तो माझ्यामुळं. माझ्या ट्रॅक्टरची ट्यूब द्यायला तो माळावर आला होता. तोवर मी दोन महिने रोज सकाळी मारत होतो. दोन महिन्यांत माझा चेंडू पहिल्या बाभळीपर्यंत पोचला होता.

नाना गमतीनं त्याला म्हणाले, "बघ रे एक मारून." पायात चप्पल, हाताला पंक्चरचं सोल्युशन लागलेलं. त्यानं काठी धरली ती क्रिकेटच्या बॅटसारखी. चेंडू बाभळीवरनं गेला, बांध ओलांडला आणि पलीकडच्या हरभऱ्यात पडला.

नाना बांधापर्यंत पावलं मोजत गेले आणि परत आले. मग मला म्हणाले, "बालाजी, ह्याला चहा दे."

दोन महिन्यांत मला कुणी चहा विचारला नव्हता. आणि आता चहा करायचाही मीच!

०००

ट्रॅक्टरच्या सीटनं माझी कंबर आधीच धरली होती. गोल्फनं तिचा निकाल लावला. सकाळी उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग हातावर जोर द्यायचा, मग देवाचं नाव. बार्शीच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय.

मी लाजत लाजत विचारलं, "गोल्फ खेळलं तर चालंल का?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "भूममध्ये?"

मग त्यांनी तीन गोष्टी समजावल्या. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेला झटका द्यायचा नाही. परतीच्या एसटीत मी विचार करत बसलो. वाकायचं, पिशवी उचलायची आणि झटका द्यायचा. ह्यापलीकडं गोल्फमध्ये चौथी गोष्ट मला काही सापडेना.

आसिफला सांगितलं. तो म्हणाला, त्याला कंबर आहे हे त्याला फक्त पँट शिवताना कळतं.

०००

नानांनी उपाय काढला. काठ्या माझ्या अंगाच्या मापाच्या पाहिजेत. लांब असल्या की वाकायला कमी लागतं, हलक्या असल्या की ओढ कमी बसते, आणि मूठ जाड असली की हात आवळावे लागत नाहीत. नव्या काठ्यांची किंमत त्यांनी फोनवर दाखवली आणि माझं तोंड बघून फोन खिशात घातला.

आसिफनं बार्शीत एक भंगारवाला हेरला होता. कुठल्याशा बंगल्यातनं त्याच्याकडं गोल्फच्या काठ्यांचा ढीग आला होता आणि तो सगळं किलोवर विकत होता. नानांना ताप होता, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

आसिफनं चकचकीत पोलादी काठ्या निवडल्या. आरशासारख्या. मलाही त्याच पाहिजे होत्या, पण वजनकाट्यावर ठेवल्या तेव्हा खिशाला परवडेनात. कोपऱ्यात काळ्या दांड्याच्या सात काठ्या पडल्या होत्या. भंगारवाला वैतागून म्हणाला, "ह्या घेऊन जा बाबा. हे लोखंडबी न्हाय आन् लाकूडबी न्हाय. वजनच भरत न्हाय."

त्या मी जवळजवळ फुकट आणल्या आणि येताना आसिफशी एक शब्द बोललो नाही.

नानांनी चकचकीत काठ्यांकडं पाहिलंही नाही. एक काळी उचलली, बोटावर तोलली, डोळ्याजवळ नेली. "ह्या काळ्या कुणी निवडल्या?"

मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी चटकन म्हणालो, "आसिफनं."

नाना म्हणाले, "ग्रॅफाइट हाय हे. नव्या घेतल्या तर पोलादाच्या किती तरी पट महाग पडतात, आन् दुखऱ्या पाठीला ह्याच लागतात." मग त्यांनी आसिफच्या पाठीवर हात ठेवला. "मित्रासाठी निवडल्या. अक्कल हाय पोराला."

आसिफ माझ्याकडं बघून नुसता हसला. खरं बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर नाना त्याला चहा विचारत होते.

०००

त्याच दिवशीचा एसटीतला किस्सा राहिला. सगळ्या काठ्या आम्ही दोन पोत्यांत बांधल्या होत्या, पण पोती तोकडी पडली आणि काठ्यांची लोखंडी डोकी बाहेर राहिली. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी पोत्याला हात लावून पाहिला आणि हळूच विचारलं, "कुणासंगं हाय?"

मी म्हणालो, "बाबा, भांडण न्हाय. खेळायचं हाय."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी कमरेला हात लावून बसलो होतो. मग आसिफकडं पाहिलं, तो खिडकीत रेलून शीळ घालत होता.

"व्हय का? मग एक डाव झालेला दिसतोय," बाबा म्हणाले. "आन् ह्यो जितला."

०००

काठ्या लांब करायचं काम आमच्याकडं एकच माणूस करू शकतो. दगडू मिस्त्री. कुऱ्हाड, कुदळ, फावडं, कशाचाही दांडा ते माणूस बघून बसवतात. तालुक्यात त्यांचं नाव आहे.

मिस्त्रींनी काळी काठी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ह्यानं खांदायचंय का वढायचंय?"

"मारायचंय."

"मग सरळ उभा ऱ्हा."

त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत दोरी धरली आणि कंबर किती वाकवल्यावर कळ येते ते विचारलं. कळ आली तिथं त्यांनी भिंतीवर खडूनं रेघ मारली. डॉक्टरांनी एवढं बघितलं नव्हतं. मग पोकळ दांड्यात वरनं बाभळीची खुंटी बसवून त्यांनी काठी वाढवली. चार दिवसांनी सातही काठ्या तयार.

नानांनी त्या भिंतीला टेकवून रांगेत उभ्या केल्या आणि डोक्याला हात लावला. गोल्फमध्ये प्रत्येक काठीची लांबी वेगळी असते. लांबच्या फटक्याची लांब, जवळच्या फटक्याची आखूड. मिस्त्रींनी सातही एकाच मापाच्या केल्या होत्या!

नानांनी चूक समजावून सांगितली. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतली. "सुभेदार," ते म्हणाले, "एका माणसाचा दांडा एकच असतोय. चेंडू लांब गेला म्हणून माणूस उंच व्हतोय व्हय?"

मी त्याच काठ्यांनी खेळायला लागलो. प्रत्येक फटक्याला तेवढंच वाकायचं, तसंच उभं राहायचं. आठ दिवसांत कळ निम्मी झाली आणि चेंडू दुसऱ्या बाभळीपर्यंत जायला लागला. नानांनी दोन दिवस माझे फटके मोजले. तिसऱ्या दिवशी ते आपल्याही दोन काठ्या घेऊन मिस्त्रींकडं गेले.

आसिफही गेला होता माप द्यायला. मिस्त्रींनी त्याला वरनं खालपर्यंत पाहिलं आणि परत पाठवलं. "तुला माप नगं. तुझ्या अंगाला काईबी चालतंय."

लोकांना वाटेल ह्यात जळण्यासारखं काय आहे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

०००

मूठ जाड करायची राहिली होती. ती आसिफनं केली. मी सांगितलं नव्हतं. ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून, सोल्युशन लावून, सातही काठ्यांना एकसारखी गुंडाळली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी हातातली काठी पुरी केली. पैसे विचारले तर म्हणाला, "जाने दे रे बाला, पाठ सांभाळ."

अशा माणसावर जळायचं म्हणजे फार अवघड. मनासारखं जळूसुद्धा देत नाही.

०००

माझ्या डोक्यातनं एकच गोष्ट निघाली, ती सांगतो. शेवटी डब्यातनं चेंडू काढायला वाकावं लागतं. सात डबे, सात वेळा. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायची काडी असते, तिच्या टोकाला रबरी वाटी असते. ती वाटी मी छोट्या फटक्याच्या काठीला वरच्या टोकावर बसवली. काठी उलटी करायची, वाटी चेंडूवर दाबायची, चेंडू चिकटून वर येतो. वाकायचं काम नाही.

नाना खूश झाले. मिस्त्री मुद्दाम बघायला आले. दोन दिवस मी माळावर जरा ताठ चाललो.

तिसऱ्या दिवशी आसिफच्या काठीलाही वाटी! एक पाय पुढं टाकून, एक हात कमरेवर ठेवून तो चेंडू असा उचलायचा, की शेळ्या राखणारी माणसं थांबून बघायची. माझा आजार त्याच्याकडं नव्हता, पण त्यावरचं औषध त्याला पाहिजे होतं.

०००

पुण्याला पंधरा दिवस उरले, तेव्हा नानांनी निकालाचा दिवस ठरवला. माळाच्या दोन फेऱ्या. ज्याचे फटके कमी, तो पुण्याला.

पहिल्या फेरीनंतर आसिफ दोन फटक्यांनी पुढं होता. दुसरीत मी सावकाश खेळलो. एकच माप, एकच वाकणं. शेवटच्या डब्याला आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. 

आधी आसिफची पाळी होती. त्यानं जमिनीवर टायरचा तुकडा टाकला, त्यावर चेंडू ठेवला आणि उठताना तसाच अर्ध्यात थांबला. आदल्या दिवशी एकट्यानं ट्रकचे टायर चढवले होते म्हणे. तोंड पांढरं पडलं. मला ते तोंड ओळखीचं होतं, कारण आमच्या आरशात मी ते रोज बघतो.

नाना म्हणाले, "सोडून दे आसिफ. झालं."

झालं म्हणजे काय ते तिघांनाही कळलं. मी एक चेंडू कसाही डब्यात घातला असता तरी पुणं माझं होतं. आसिफनं एकदा आपल्या चकचकीत काठीकडं पाहिलं. तेवढ्या आखूड काठीसाठी वाकणं त्याला शक्य नव्हतं.  माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

मी माझी काठी त्याच्या हातात दिली. पाय जवळ घे म्हणालो. कंबर फिरवू नको, खांद्यानंच मार, आणि श्वास सोडताना मार. हे सगळं शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

त्यानं मारला. चेंडू बुटका गेला, सरळ गेला, आणि ब्राऊनवर जाऊन थांबला. मग त्याच काठीनं मी मारला. माझा डाव्या बाभळीला लागून परत आला.

पुढचं ढकलत ढकलत डब्यात घालेपर्यंत त्याचे चार फटके झाले, माझे पाच.

नानांनी डब्यातनं चेंडू काढला. मग म्हणाले, "आसिफ, कॉलरचा पांढरा शर्ट हाय का तुझ्याकडं? तिथं लागतो."

आम्ही त्याला धरून बाभळीच्या सावलीत नेलं. मी उभ्यानं सांगत गेलो तसं नानांनी त्याला पाठीवर झोपवलं, गुडघे उभे केले, डोक्याखाली माझा टॉवेल दिला. मग ते गाडी आणायला गेले. तो डोळे मिटून पडला होता आणि मी शेजारी उभा होतो, कारण मला खाली बसता येत नव्हतं.

डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "बाला, तुला रोज असंच दुखतंय का रे?"

मी म्हणालो, "रोज न्हाय. तू मारतोस तवाच."