वहिनींनी बसवलेला पंप

तार मला माणगावला दुपारी आली. वहिनी गेल्या, एवढंच तिच्यात होतं. मी थळला पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माझे थोरले भाऊ, ज्यांना गाव डॉक्टर म्हणतं आणि मी दादा, भिंतीला हात लावून पडवीत येरझाऱ्या घालत होते. महिना होऊन गेला, पण माझंही तसंच झालंय. जेवायला बसतो आणि मध्येच उठतो... कशासाठी उठलो ते आठवत नाही.

वहिनींनाही बसणं माहीत नव्हतं. काचबिंदूनं दादांची नजर कडेकडेनं विझत गेली तेव्हा त्या गाडी चालवायला शिकल्या. गाडी जुनी, छोटी, विलायती. नाडी बघायला आणि छाती तपासायला दादांना डोळे लागत नसत. रोग्याच्या घरापर्यंत जायला गाडी मात्र लागे. कोळीवाडा आधी हसला, मग "डाक्तरीण बाय आली" म्हणत पोरांना वाटेतून ओढून घेऊ लागला.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा नेहमीच्या चाळिसावरून खाली येऊ लागला. इंजिनच गेलं, असं अलिबागच्या एका मिस्त्रीनं सांगितलं. दादांनी ठरवून टाकलं : गाडी विकायची, दवाखाना बंद करायचा आणि माझ्याकडे राहायला यायचं. सामान न्यायला मी रिकाम्या ट्रंका घेऊन गेलो होतो. जुनी गाडी, जाणारी नजर... मला गणित सरळ दिसत होतं. वहिनी म्हणाल्या, "माणगावात मला काय द्याल, भावोजी? तांदूळ निवडायला सूप?" बिघाड फक्त तेलाच्या पंपात आहे, असं त्यांचं म्हणणं. नवा पंप त्यांनी मुंबईहून मागवला होता, तो रेवसच्या लाँचवर यायचा होता. तो बसवून बघू, मग खुशाल विका, म्हणाल्या.

पंप आला. अंगणात गाडीची पुढची चाकं चिऱ्यांवर चढवून आम्ही दोघं खाली शिरलो. तेल काढलं, इंजिनाच्या पोटाखालचं चेंबर उतरवलं आणि जुना पंप सोडवला. त्याची आतली दातेरी चाकं झिजून खुळखुळत होती, ते बघून वहिनी खुशीत आल्या. नवा पंप, नवं पॅकिंग, चेंबर, तेल; दिवस मावळायच्या आत सगळं जागेवर बसलं. दादा तेवढ्या वेळात कितीदा तरी फाटकापर्यंत जाऊन आले. मी हँडल मारलं, इंजिन लागलं... आणि काटा शून्यावरून हलला नाही. आतून टकटक ऐकू येताच वहिनींनी इंजिन बंद केलं.

"झालं समाधान?" दादा म्हणाले. "रविवारी पेणचं गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू."

वहिनी गाडीतून उतरल्या. हात धुवायला विहिरीवरच्या हातपंपाशी गेल्या. पाणी चढावं म्हणून सवयीनं त्याच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं आणि दांडा न हलवताच थांबल्या. तशाच दवाखान्यात शिरल्या आणि कान धुवायची पितळी पिचकारी घेऊन आल्या. नवा पंप आतून कोरडा होता, तो तेल ओढणार कसा? काट्याकडे जाणारी नळी इंजिनापाशी सोडवून त्या तिथून पिचकारीनं तेल भरू लागल्या.

"उद्या मी ती कुणाच्या कानात घालू?" दादांनी विचारलं.

"ज्याला माझं ऐकू येत नाही त्याच्या."

नळी जोडून मी पुन्हा हँडल मारलं. काटा थरथरला, चढला, थांबला. दादा खिडकीत वाकून उभे होते. त्यांना तो दिसत नव्हता.

"चाळीस," वहिनी म्हणाल्या. दादांनी पुन्हा विचारलं. "चाळीस हो."

मी रिकाम्याच ट्रंका घेऊन परतलो.

तेराव्यानंतर दादांना वरसोलीच्या एका आजाऱ्याचं बोलावणं आलं. ते निघालेच. गाडी मी चालवणार होतो. इंजिन सुरू करून मी गिअर टाकायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. इतकी वर्षं निघण्याआधी वहिनी त्यांना काटा वाचून दाखवत, हे मला ठाऊक नव्हतं.

"किती?"

मी वाकून पाहिलं. "अठ्ठावीस."

दादांनी मनगट सोडलं नाही. "ती चाळीस सांगायची," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

मी अजून थळलाच आहे. निघताना ते रोज विचारतात, मी दिसेल तोच आकडा सांगतो. मग माझ्या मनगटावरचा त्यांचा हात उठायची वाट बघत, इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं तसेच बसून राहतो...