हिरवी वायर कोणती, वं?

मंडळी, आज दुकानात एक कार आली. ब्रेक लाइट लागून नव्हता राहिला. वायरिंग डायग्राम पाहिला, त्यात ब्रेकची वायर हिरवी लिहून होती.

मले लाल अन् हिरवा सारखाच दिसते. लग्नापासून वायर बायकोच दाखवे. वरून म्हणे, "मिस्त्री तुम्ही, डोळे माझे."

आज गाडीत डोकं घालून सवयीनं विचारलं, "हिरवी कोणती, वं?"

ती तर उन्हाळ्यातच गेली.

गाडीवाला वाकून म्हणे, "काका, मी दाखवू का?" त्यानं दाखवली. तुटून होती, जोडली. लाइट लागला. मी तिले सांगाले मागं वळलो, तर रिकामा स्टूल.

माणूस गेल्यावर अशी हाक माराची सवय सुटाले किती दिवस लागते गा? ज्याले माहीत असन त्यानं सांगा. उगाच हात जोडल्याचे फोटो नका टाकू.